शेवट वाशीचा

१

"'मोघेवकिलांनी छत्री कोपऱ्यात उभी केली, दिवाणखान्यात जमलेल्या पाचही जणांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, आता दार लावून घ्या.'"

एवढं वाचून बाबासोंची सून उज्वला थांबली.

बाबासोंचा जीव टांगणीला लागला होता. वकील धुंडिराज मोघे 'दार लावून घ्या' म्हणाले की खुनी त्याच खोलीत बसलेला असतो आणि त्याचं आता काही खरं नाही, हे ते तरुणपणापासून ऐकत-वाचत आले होते. ते उशीवरच थोडे सरकले.

"वाच की गं."

"मामा, पुढची पानं न्हाईत."

"न्हाईत म्हंजे?"

"कापल्यात कुनीतरी. ब्लेडनं."

बाबासोंनी कपाळाला हात लावला. मोघ्यांच्या नव्या पुस्तकाचा शेवट असा गायब होण्याची ही तिसरी खेप होती.

ज्या माणसाकडे दुसरं काही नाही, त्याच्याकडची ही चोरी होती. तुर्भ्याच्या मसाला बाजारात मिरचीची पोती वाहण्यात बाबासोंचा जन्म गेला. एका दुपारी पोत्यांची थप्पी कोसळली आणि कंबर कायमची गेली. वर डोळ्यांत मोतीबिंदू. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या घरावर मुलानं, पोपटनं, माडी चढवली होती आणि खालची खोली भाड्यानं दिली होती. माडीचा जिना असा अरुंद आणि उभा, की बाबासोंना खाली न्यायचं तर खुर्चीला बांधून चार माणसांनी धरावं लागे. तेव्हा दवाखाना सोडला तर खालची जमीन त्यांच्या नशिबी नव्हती. पंखा, पत्रे आणि मोघेवकील, एवढाच काय तो संसार उरला होता.

मोघ्यांची जुनी पुस्तकं त्यांना तोंडपाठ होती. लिहिणारे गृहस्थ वारले तेव्हा बाबासोंना घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं. मग प्रकाशकानं एक नवा लेखक धरला आणि मालिका पुढं हाकली. नवा मोघे चालायचा तसाच, बोलायचाही तसाच, पण तपकीर ओढून शिंकायचा नाही. बाबासोंना ते फार खुपायचं. "कपडे मोघ्यांचे, आतला मानूस दुसराच," ते म्हणायचे. पण शेवट आला की त्यांचा राग विरघळायचा. नव्या पुस्तकांचे शेवट जुन्यांनाही मागं टाकत होते, असं त्यांचं मत होतं.

पानं नसताना त्यांना शेवट कळायचा कसा? तर उज्वला बसनं वाशीला जायची. तिथं मोठं वाचनालय होतं, बसून वाचता यायचं. शेवट वाचून ती संध्याकाळी परत यायची आणि भाकरी थापता थापता सासऱ्याला सगळा सांगायची.

"उद्या जाऊ का मग वाशीला?" आता तिनं विचारलं.

"जा बाई. न्हाईतर मला झोप लागायची न्हाई."

२

उज्वला दुसऱ्या दिवशी शेवट घेऊन आली. 'पाहुण्याची तिसरी चप्पल' या पुस्तकातला खून थोरल्या भावानं केला होता. तो म्हणत होता, त्या वेळी मी आईसाठी दूध ढवळत शेगडीपाशी उभा होतो. मोघे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पातेलं बघून आले. दुधावर जाड साय धरली होती. ढवळत्या दुधाला साय धरत नाही, हे त्या बापड्याला ठाऊकच नव्हतं.

"अरे वा," बाबासो मांडीवर थाप मारून म्हणाले, "ह्याला म्हंत्यात मोघे."

त्यांचा आनंद फार टिकला नाही. रविवारी सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली आणि हरेश तेच पुस्तक घेऊन वर आला. हरेश शेजारच्या बोनकोडे गावचा. बापानं, कमळाकरनं, गावठाणातल्या घराचा पुढचा गाळा त्याला लायब्ररीसाठी दिला होता आणि रोज दोनदा ती बंद करायला सांगत होता.

"काका, आता डोक्यावरून पानी गेला," हरेश म्हणाला. "तिसरा पुस्तक हाय यो. पब्लिक शिव्या घालते मना. ही नवी पुस्तकं सुरवातीला तुमच्याच घरांच्या लायनीत फिरतान. पयले पंढरीकाका नेतान, मंग तुमी. चोर कोन त्यो रविवारपरयंत सांगा, नायतर ये लायनीला पुस्तक बंद. पंढरीकाकांचा नाव तर मी कापनारच हाय."

"पंढरीनं कशाला कापलं?"

"मंग कोनी कापला? तुमीच सांगा, तुमी मोघ्यांचे भक्त."

पोपट चहा पीत बसला होता. तो बाजारात माल तोलून द्यायचं काम करायचा, बोलायचाही मोजूनमापून. "टेन्शन नको घेऊ हरेशभाऊ," तो म्हणाला. "पुढचं पुस्तक मी नवंकोरं विकत आणतो. म्हणजे कापाकापी नको, आणि हिला वाशीला हिंडायलाही नको. बाईमाणसाला बाहेर काय काम असतं?"

मोरीजवळ उज्वला रबराचे वॉशर घेऊन बसली होती. पावणे गावच्या एका कारखान्यातून ते पोत्यानं घरी येत, आणि त्यांच्या कडेचं फाजील रबर ब्लेडनं काढून द्यायचं असे. सकाळपासून तो कुरकुर आवाज चालू होता. आता तो थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

बाबासोंना दिसत कमी होतं, पण ऐकू सगळं यायचं. तरी त्या वेळी त्यांच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. पंढरी त्यांचा बाजारातला जोडीदार. त्याचं नाव चोर म्हणून लायब्ररीतून कापलं जाणार, आणि आपण खाटेवर पडून ते बघणार? उभा जन्म मोघेवकिलांचा हात धरून चालल्यावर?

"पुस्तक ठेवून जा हितं," ते हरेशला म्हणाले. "आनि पुढल्या रविवारी सगळी या. चोर मी सांगतो."

बोलून बसले खरे, पण शोधायला जायचं कसं? मोघ्यांना निदान चालता येत होतं.

३

मोघ्यांना चालता येत होतं, तर बाबासोंकडे माणसं चालत येत होती. पहिल्या आल्या सुमित्राबाई. समोरच्या घरात त्या कांडलेला मसाला विकायच्या. बाजारात जाता-येता हरेशकडून पुस्तक घेऊन वर पोचवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"सुमित्राबाई, मसाल्याच्या पुड्या कशात बांधता?"

बाई क्षणात ओळखून बसल्या. "मामा, साठी उलटली माझी, आता चोर ठरवा मला," त्या फणकारल्या. "प्लास्टिकच्या पिशव्या वापरते मी. पुस्तकाचं पान एवढंसं, त्यात पावशेर मसाला बांधायचा कसा? आनि मला वाचता कुठं येतंय? कापायचंच असतं तर मधलं कापलं असतं, पहिलं कापलं असतं. शेवटचंच बरं कापीन मी."

तक्रार रागाची होती, पण मुद्दा पक्का होता. ज्यानं पानं कापली त्याला पुस्तकाचा शेवट म्हणजे काय, हे कळत होतं. आणि आणखी एक. हरेशच्या लायब्ररीत मोघ्यांची जुनी पुस्तकंही होती. ती याच लायनीत फिरत होती, याच हातांतून. त्यातलं एक पान कधी हललं नव्हतं. चोराला नुसता कागद हवा असता, तर जुना काय आणि नवा काय.

मग पंढरी आला. आला तो तोंड पाडूनच. हरेशनं रस्त्यात त्याला नको ते बोलून घेतलं होतं.

पंढरी आणि बाबासो यांच्यात बाजारात असल्यापासून एक करार होता. दोघांपैकी कुणीही आधी वाचलं तरी दुसऱ्याला शेवट सांगायचा नाही. करार बाबासोंनीच करून घेतला होता, कारण पंढरीला गोष्ट सांगता यायची नाही. तीन दिवस वाचलेलं पुस्तक तो 'नोकरानं मारलं' एवढ्यात संपवायचा.

"बाबासो, तुझा तरी इश्वास हाय ना माझ्यावर?"

"हाय म्हून तर इचारतोय. तू पुस्तक परत केलंस तवा पानं व्हती?"

"सगळी व्हती. आरं, आनि कापून घरात ठेवावा असा त्यात शेवट तरी काय व्हता?" पंढरीचा बांध फुटला. "करार मोडतो आज, मोडू दे. ड्रायव्हर निघाला खुनी. तो म्हनं मयताचा जुळा भाऊ. आदल्या पुस्तकात बी तेच, माळी निघाला जुळा. नवा लेखक शेवटाला आला की नुसती माती खातो."

बाबासोंनी उशीवरून मान उचलली. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती.

"ड्रायव्हर?" त्यांनी हळूच विचारलं. "थोरला भाऊ न्हाई?"

"थोरला भाऊ कशाला? तो बिचारा शेवटपर्यंत दूध ढवळत बसलाय."

४

बाबासोंनी पंढरीला पुस्तक उघडायला लावलं.

"'दार लावून घ्या' कुठं हाय बघ."

"हे काय. उजव्या हाताच्या पानावर, अगदी खाली."

"त्याच्या फुडं?"

पंढरीनं पान उलटलं. त्याचा सर्र आवाज बाबासोंनी नीट कानांत भरून घेतला. "ह्याच्या पाठीमागं एक पान हाय की अजून. मोघे ड्रायव्हरची टोपी काढत्यात. मग फुडची कापल्यात."

त्या दिवशी हा सर्र आवाज झाला नव्हता. उज्वला 'दार लावून घ्या'शी थांबली आणि पान न उलटताच म्हणाली, पुढची पानं नाहीत. पान न उलटता तिला ते कळलं कसं? आणि मागचं पान शिल्लक असताना ते वाचलं का नाही? ते कापता येत नव्हतं, कारण त्याच कागदाच्या पुढच्या बाजूला मोघे सगळ्यांना जमवत होते. आणि ते वाचता येत नव्हतं, कारण त्यावर ड्रायव्हरची टोपी होती.

बाबासोंनी तिन्ही पुस्तकांचे तिन्ही शेवट आठवून पाहिले. पहिल्यात मोघ्यांनी ओल्या पोळपाटावरून खोटं पकडलं. दुसऱ्यात चुलीतल्या राखेवरून. तिसऱ्यात दुधाची साय. जुन्या पुस्तकांत मोघे कोर्टात गेले, स्मशानात गेले, एकदा विहिरीत उतरले. स्वयंपाकघरात ते कधी गेले नव्हते. त्यांना लिहिणाऱ्याला तिथं काय ठेवलं आहे ते माहीतच नसावं.

या शेवटांच्या कर्त्याला माहीत होतं.

पंढरी गेल्यावर त्यांनी हाक मारली. "उज्वला, ब्लेड खाली ठेव. हितं ये."

ती आली. बाबासोंना तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती सावली दिसत होती. त्यांनी पुस्तक तिच्याकडं सरकवलं. "मागचं पान वाचायचं राहिलं तुझं त्या दिवशी."

तिनं ते उचललं, पण उघडलं नाही. मग खाली बसली.

"खरा शेवट वाचला मी मामा. तुमाला आवडला नसता."

"म्हून कापलास?"

"न्हाई," ती म्हणाली. "ते मागनं सुचलं. कापला ते वाशीला जायला मिळावं म्हून."

"वाशीच्या वाचनालयात..."

"मी आत बी गेली न्हाई कधी. खाडीच्या कट्ट्यावर बसते."

"करतीस काय तिथं?"

"काय न्हाई. बसते." तिनं पुस्तक बाजूला ठेवलं. "भाजी सुमित्राबाई आणतात, औषध हे आणतात, वॉशर पोत्यानं वर येतात. हा जिना उतरायला मला कारणच न्हाई. माझं काम म्हणलं की हे म्हणतात, काय नडलंय. तुमचं काम म्हणलं की ह्यांचं तोंड बंद. जुन्या पुस्तकाला तसं करता येत न्हाई, त्याचा शेवट तुमाला पाठ. नव्याचाच ठावं नसतो. म्हून नवी कापली. आनि तिथं बसल्यावर वाटायचं, मामांना काहीतरी न्यायला पाहिजे. मग शेवट मीच जुळवायची."

 या माडीवर अडकलेलं माणूस एकच आहे, अशी त्यांची दोन वर्षं समजूत होती. दिवसभर ते आपल्या कंबरेला रडत होते आणि चार हातांवर एक धडधाकट बाई तशीच पडून होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"चोर म्हून माझं नाव सांगा रविवारी," ती म्हणाली. "पंढरीमामांवर आळ नको."

तिचं नाव सांगितलं तर पोपट जिन्याला कुलूप घालणार. नाही सांगितलं तर पंढरी चोर. मोघेवकिलांच्या कुठल्याही पुस्तकात असा पेच बाबासोंना आठवेना.

५

रविवारी माडीवर माणसं मावेनात. पंढरी उंबऱ्यापाशी, हरेश ट्रंकेवर, सुमित्राबाई भिंतीला टेकून, पोपट खिडकीत. उज्वला ओट्याशी, सगळ्यांकडं पाठ करून उभी.

बाबासोंनी घसा खाकरला. हे वाक्य एकदा आपल्या तोंडून निघावं, अशी त्यांची जन्माची हौस होती.

"आता दार लावून घ्या."

पंढरीनं दार लावलं. खोलीत एकदम उकडायला लागलं.

"पानं पंढरीकडं व्हती तवा सगळी व्हती," बाबासो म्हणाले. "पंढरी ड्रायव्हरचा शेवट सांगतोय, तो पानं वाचल्याबिगर कळायचा न्हाई. कापणाराच असता तर त्यानं तो बोलूनच दाखवला नसता. सुमित्राबाईंना वाचता येत न्हाई. हरेश आपल्याच मालाचं नुकसान करायचा न्हाई. म्हंजे पानं कापली गेली ती ह्या माडीवर."

उज्वला ओट्यावरची भांडी उगाच लावत होती. भांडं वाजलं.

"ह्या माडीवर ब्लेड हाय. आनि दिवसभर हितं असतं कोन? मी. पानं मी कापली."

 हरेश हसला. "काका, तुमाला दिसते कुठं?"

"शेवटची पानं शोधायला डोळे कशाला लागत्यात? मागनं चाचपायचं आनि कापायचं. पुस्तक संपलं की मला फुडं काय उरतं? हे पत्रे. शेवट मागनं आला तर गोष्ट दोन दिस जास्त पुरते. म्हाताऱ्याची हाव म्हना. पंढरी, तुला माझ्यापायी ऐकून घ्यावं लागलं. पाया पडतो तुझ्या."

"गप रे," पंढरी ओशाळून म्हणाला. पण तो ओट्याकडं बघत होता. पंढरीला गोष्ट सांगता येत नसली तरी कळत होती. "थोरल्या भावाचा शेवट तुला कुठनं मिळाला, ते मी इचारत न्हाई," एवढंच तो पुटपुटला.

हरेश उठला. "बरा, काका हायत म्हनून सोडतो. फुडचा पुस्तक देईन, पन पान न् पान मोजून देईन आनि मोजून घेईन."

"बेस झालं," पोपट म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. "पुस्तक धड राहिलं की झालं. आता वाशीची कटकटच संपली."

ओट्यावरचं भांडं वाजायचं थांबलं.

 पंढरीवरचा आळ गेला होता, उज्वलाचं नावही निघालं नव्हतं. पण दार लावून घ्या म्हणताना ते नेमकं कुणाच्या तोंडावर लागणार, हे एवढा विचार करूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

६

नवं पुस्तक आलं. 'गच्चीलगतची खोली'. हरेशनं पानं मोजून दिली. उज्वला रोज दुपारी वाचू लागली. वाचायची नीट, पण आवाजात जीव नव्हता. गोष्टीतल्या बंगल्यात एक म्हातारा होता. त्याला घरच्यांनी वरच्या खोलीत ठेवलं होतं आणि मोघे सोडून त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. बाबासो त्या म्हाताऱ्याचं बोलणं दोनदोनदा वाचून घ्यायचे.

रविवार होता. पोपट घरी होता, पंढरी चहाला आला होता. उज्वला वाचत होती.

"'... मोघेवकिलांनी सगळ्यांना खालच्या दिवाणखान्यात बोलावलं आणि म्हणाले, आता दार लावून घ्या.'"

तिनं पान उलटण्यासाठी बोट ओलं केलं.

"थांब," बाबासो म्हणाले. "मिट पुस्तक."

"का आबा?" पोपटनं विचारलं. "पानं हायत की सगळी."

"असू दे. हा शेवट मला नको. मला वाशीचा शेवट पाहिजे."

"आबा, पुस्तक एकच. शेवट दोन कसे असतील?"

"वाशीचा वेगळा असतो."

पोपटला वाटलं, म्हातारपणानं बापाच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यानं आधारासाठी पंढरीकडं पाहिलं. पंढरीनं कप खाली ठेवला, मिशी पुसली आणि अगदी गंभीरपणे मान हलवली.

"वेगळा असतो," पंढरी म्हणाला. "मी दोन्ही वाचल्यात. वाशीचा चांगला हाय."

"आता मागायला मला दुसरं काय उरलंय रे पोपट," बाबासो म्हणाले. "एवढं एक मागतोय. पुस्तक आलं की शेवट वाशीहून येईल. मी हाय तोवर."

पोपट बापाकडं बघत राहिला. मग त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "जाऊन ये मग," तो बायकोला म्हणाला, "आबांचं काम हाय."

उज्वलानं केस सारखे केले, पायांत चपला सरकवल्या. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. काही बोलावं असं तिला वाटत होतं, पण नवऱ्यासमोर काय बोलणार.

"निवांत बस," बाबासोंनीच सांगितलं. "वाचत. आनि हे बघ, त्या वरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचं तेवढं मनावर घे. खुनी कुनी का असंना. शेवटाला त्या म्हाताऱ्याला एकदा जिन्यावरनं खाली आन."

"आनते मामा," ती म्हणाली. आता आवाजात जीव होता.

तिच्या चपलांचा आवाज एकेका पायरीवरून खाली उतरत गेला. पोपट दार लोटायला उठला.

"राहू दे उघडं," बाबासो म्हणाले.